सीएसएमटीला पहिल्यांदा उतरताय? एकेक पाऊल सांगते

सकाळी साडेसातच्या आसपास फोन वाजला की मी नंबर न बघताच ओळखते. कोल्हापूरची महालक्ष्मी एक्स्प्रेस लागलेली असते आणि गावाकडचं कुणीतरी पिशव्या घेऊन फलाटावर उभं असतं. "ताई, उतरलोय. आता कुठून बाहेर पडू?" कधी मुलाखतीला आलेला भाचा असतो, कधी टाटा हॉस्पिटलला तपासणीसाठी आलेल्या शेजारच्या काकू, तर कधी मंत्रालयात फायलीमागे धावणारे गावातले गुरुजी. डोंबिवलीहून सीएसएमटीला, म्हणजे मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला, येऊन-जाऊन मला बावीस वर्षं झाली. फोनवर सांगते तेच इथे सविस्तर लिहून ठेवते. गाडीत बसल्यावर एकदा वाचून घ्या.

१. निघण्याआधी तिकिटावरचं स्टेशन वाचा

मुंबईच्या सगळ्या लांबच्या गाड्या एका जागी येत नाहीत आणि एका जागेवरून सुटतही नाहीत. सीएसएमटी, दादर, मुंबई सेंट्रल, वांद्रे टर्मिनस, पनवेल आणि कुर्ल्याचं लोकमान्य टिळक टर्मिनस ही सगळी वेगवेगळी ठिकाणं. तिकिटावर 'एलटीटी' असेल तर गाडी कुर्ल्याहून सुटणार. माझी मावशी एकदा परतीच्या गाडीसाठी तासभर आधी सीएसएमटीला येऊन निवांत बसली होती. बोर्डावर गाडी दिसेना म्हणून तिने मला फोन केला. तिकिटाचा फोटो मागवला तर त्यावर एलटीटी. टॅक्सी करून ती कुर्ल्याला पोहोचली तोवर गाडी गेली होती. त्या दिवशीचा तिचा आवाज आठवला की अजून जीव हळहळतो, म्हणून ही सूचना सगळ्यात आधी.

नावाचंही सांगते. १८८७ साली राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली तेव्हा या स्थानकाला व्हिक्टोरिया टर्मिनस नाव मिळालं. १९९६ साली ते छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं आणि २०१७ साली त्यात 'महाराज' जोडलं गेलं. टॅक्सीवाले अजून 'व्हीटी' म्हणतात, ऑफिसची माणसं 'सीएसटी' म्हणतात, खूप जुनी माणसं 'बोरीबंदर' म्हणतात. जागा एकच. खरा घोळ वेगळाच आहे. विमानतळालाही महाराजांचंच नाव आहे, काळा घोड्याजवळच्या वस्तुसंग्रहालयालाही. मेट्रोच्या नकाशावर 'सीएसएमटी' म्हणजे हे स्टेशन आणि 'सीएसएमआयए' म्हणजे विमानतळ. मोबाइलवर तिकीट काढताना शेवटची अक्षरं बघूनच बोट लावा.

२. उतरल्यावर रूळ संपतात तिकडे चाला

इथे रूळ संपतात. गाडी पुढे जात नाही, आली तशी उलटी फिरते. म्हणून या स्टेशनात एका फलाटावरून दुसऱ्यावर जायला पूल चढावा लागत नाही. सगळे फलाट टोकाला एका सपाट जागेत उघडतात. गुडघे दुखणारी आजी असो की ओढायची मोठी बॅग, टोकापर्यंत चालत या आणि तिथून वळा. दादर-कुर्ल्याच्या जिन्यांना घाबरलेल्या माणसाला हे सांगितलं की त्याचा अर्धा ताण जातो.

रूळ इथेच का संपतात, तर सुरुवातच इथून झाली. १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी बोरीबंदरहून देशातली पहिली प्रवासी गाडी सुटली. १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं. ठाण्यापर्यंतचा तो ३४ किलोमीटरचा प्रवास आज तुम्ही लोकलने रोज करू शकता.

आता दिशा. गाडीतून उतरून टोकाकडे तोंड केलंत की उजव्या हाताला लोकलचे फलाट आणि दादाभाई नौरोजी रस्ता, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेला डी. एन. रोड. डाव्या हाताला पी. डिमेलो रोड आणि सेंट जॉर्ज हॉस्पिटल. एकूण फलाट १८. त्यातले १ ते ७ लोकलचे, ८ ते १८ लांबच्या गाड्यांचे, ज्यांना आम्ही सरसकट मेल म्हणतो. फोनवर मी पहिला प्रश्न हाच विचारते, "रूळ संपलेले दिसतायत का? मग तुझा उजवा हात कुठे आहे?"

सामान जास्त असेल आणि घ्यायला गाडी येणार असेल, तर डी. एन. रोडवर बोलावूच नका. तिथे थांबायला जागा नाही. पी. डिमेलो रोडला, १८ नंबरच्या बाजूला बोलवा. परतीला मेल पकडतानाही टॅक्सीवाल्याला हेच सांगा. सध्या पुनर्विकासाचं काम चालू आहे, त्यामुळे पत्रे लावून काही वाटा वळवलेल्या असतात. कालची वाट आज बंद दिसली तर गोंधळू नका, पाटी बघा.

हमाल घेणार असाल तर हातावरचा बिल्ला बघा आणि भाडं आधीच ठरवा. क्लोक रूममध्ये सामान ठेवायचं तर बॅगेला कुलूप हवं, सोबत प्रवासाचं तिकीट आणि ओळखपत्र.

३. लोकलचं तिकीट

लांबच्या गाडीचं तिकीट लोकलला चालेल असं धरून चालू नका, लोकलचं वेगळं काढा. दुसऱ्या वर्गाचं किमान भाडं ५ रुपये आहे आणि दादर त्यातच येतं. मोबाइलवर रेल्वेच्या अ‍ॅपमधून काढता येतं, पण रुळांच्या अगदी जवळ उभं राहून अ‍ॅप तिकीट देत नाही. हे जमत नसेल तर सरळ खिडकीवर जा. तिकीट काढल्यापासून तासाभरात प्रवास सुरू करावा लागतो, म्हणून सकाळीच काढून ठेवू नका. विनातिकीट सापडलात तर भाड्यावर किमान २५० रुपये दंड.

पहिल्या दिवशी तरी खिडकीवरच जा, असं माझं मत आहे. जुन्या इमारतीतलं लोकलचं तिकीटघर म्हणजे स्टार चेंबर. वर बघितलंत की नाव का पडलं ते कळतं. कमानींच्या छतावर निळ्या रंगात सोनेरी तारे, खाली संगमरवरी खांब. दोन-तीन माणसांची रांग असली तरी उभी राहून मी अजून वर बघते. पाच रुपयांचं तिकीट काढायला अशी जागा सगळ्यांना खुली आहे, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

४. कुठली लोकल?

नवखा माणूस चुकतो तो इथे. म्हणून जरा सावकाश.

फलाट १ आणि २ हार्बरचे. हार्बर म्हणजे डॉकयार्ड रोड, शिवडी, वडाळा या बाजूने जाणारी गाडी. पुढे एक फाटा कुर्ला-वाशीवरून पनवेलला, दुसरा वांद्र्यावरून गोरेगावला. हार्बर दादरला जात नाही. ही चूक इतकी लोक करतात की दोनदा सांगते, दादरला जायचं तर १ आणि २ नंबरवर उभं राहू नका. मांडव्याची रो-रो बोट (गाड्याही चढवून नेते ती) पकडायला भाऊच्या धक्क्याला जायचं असेल तर मात्र हार्बरच, डॉकयार्ड रोडला उतरा. देशातली पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी याच हार्बर मार्गाने व्हीटीहून कुर्ल्याला गेली होती.

फलाट ३ ते ७ मेन लाइनचे. बहुतेक वेळा ३ आणि ४ वरून स्लो, ५ ते ७ वरून फास्ट. स्लो सगळीकडे थांबते. फास्ट भायखळा, दादर, कुर्ला, घाटकोपर करत ठाण्याला जाते, काही गाड्या मधे आणखी एखाद-दोन ठिकाणी थांबतात. टाटाला किंवा केईएम हॉस्पिटलला जायचंय? परळला उतरायचं, स्लो पकडायची. फास्टमध्ये बसलात तर दादरला उतरून मागे यावं लागेल. लालबागला जाणाऱ्यांनी करी रोड किंवा चिंचपोकळी, तीही स्लोच.

कल्याणच्या पुढे मार्ग फुटतो. एक अंबरनाथ, बदलापूर, नेरळ, कर्जत, खोपोलीकडे, दुसरा टिटवाळा, आसनगाव, कसाऱ्याकडे. इंडिकेटरवर कसाऱ्याला 'एन' आणि कर्जतला 'एस' लिहितात. ती अक्षरं गावांची नाहीत. कल्याणहून एक मार्ग ईशान्येला जातो आणि एक आग्नेयेला, त्यांच्या इंग्रजी नावांतून ती उरली आहेत. गंमत अशी की स्लो गाडीलाही 'एस'च लिहितात. म्हणून अक्षराची जागा बघा. गाडीच्या नावाच्या जागी 'एस' असेल तर कर्जत, फास्ट-स्लोच्या जागी असेल तर स्लो. बदलापूरला जायचं असून कसारा लोकलमध्ये बसलेली माणसं मी टिटवाळ्यापर्यंत गेलेली पाहिली आहेत. शंका आली तर डब्यातल्या कुणालाही विचारा. मुंबईचा माणूस मोबाइलमधून डोकं वर काढणार नाही कदाचित, पण उत्तर बरोबर देईल.

अप आणि डाऊन हे शब्दही कानावर पडतील. सीएसएमटीकडे येणारी ती अप, इथून जाणारी ती डाऊन.

आणि उद्घोषणा ऐका. कानात गाणी नकोत. फलाट ऐनवेळी बदलला तर मराठी, हिंदी, इंग्रजीत सांगतात. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मेलच्या बाजूच्या दालनात गोळीबार झाला, तेव्हा उद्घोषक विष्णू झेंडे आपल्या केबिनमधून हलले नाहीत. माइकवरून ते लोकांना कुठल्या बाजूने बाहेर पडायचं ते सांगत राहिले. त्या आवाजाने कितीतरी लोक वाचले. तेव्हापासून या स्टेशनवरचा माइक वाजला की मी बोलता बोलता थांबते.

५. चढायचं कसं?

सकाळी आठ ते अकरा लाखो माणसं इथे उतरतात, संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ तीच परत जातात. तुम्ही उलट्या दिशेने निघालात तर बसायला जागा मिळेल. सकाळी नऊला इथून ठाण्याकडे जाणं सोपं, ठाण्याहून इथे येणं कठीण.

गाडी येते तेव्हा ती पूर्ण थांबायच्या आतच काहीजण उड्या मारून जागा धरतात. ते बघून तुम्ही तसं करू नका. इथून गाडी निघायला थोडा वेळ असतो आणि थोडं थांबलात तर पुढची गाडी असतेच. फलाटाच्या तोंडाशी सगळ्यात जास्त गर्दी. तीन-चार डबे पुढे चालत गेलात की तीच गाडी वेगळी वाटते.

डबा नीट बघा. लाल-पिवळे तिरके पट्टे म्हणजे फर्स्ट क्लास, दुसऱ्या वर्गाच्या तिकिटावर तिथे बसलात तर दंड होतो. महिलांचे डबे वेगळे, त्यांची जागा फलाटावर लिहिलेली असते. दिव्यांगांच्या डब्यातून गरोदर बायकांना आणि कॅन्सरच्या रुग्णांनाही जाता येतं. टाटाला येणाऱ्यांपैकी पुष्कळांना हे ठाऊक नसतं, ते बिचारे गर्दीत उभे राहतात. हॉस्पिटलची फाइल पिशवीच्या तळाशी ठेवू नका, हाताशी ठेवा.

६. लोकल नको असेल तर

आधी एक गोष्ट. दक्षिण मुंबईत रिक्षा नाही. बाहेर येऊन लोक रिक्षा शोधत फिरतात म्हणून सांगते. इथे काळी-पिवळी टॅक्सी, बस, मेट्रो, नाहीतर स्वतःचे पाय. टॅक्सी मीटरनेच. अंगावर येऊन "कुठं जायचं, कुठं जायचं" विचारणाऱ्याबरोबर जाऊ नका, रस्त्यावरची चालती टॅक्सी थांबवा.

डी. एन. रोड ओलांडायचा असेल तर वरून धावत जाऊ नका, खाली भुयारी मार्ग आहे. त्याला बरेच फाटे आहेत. महापालिकेकडे, टाइम्स ऑफ इंडियाच्या इमारतीकडे, आझाद मैदानाच्या बाजूला, असं पाट्यांवर लिहिलेलं असतं. जिना चढायच्या आधी पाटी वाचा, नाहीतर वर आल्यावर दिशा कळत नाही. माझं स्वतःचं पहिलं वर्षभर असंच गेलं.

मेट्रोने या स्टेशनचं रूप पालटलं आहे. कफ परेड ते आरे ही जमिनीखालची तीन नंबरची मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली. ३३.५ किलोमीटर, २७ स्थानकं. भुयारातल्या मेट्रोच्या पाट्या धरून चालत राहा. कफ परेडच्या दिशेने पहिलं हुतात्मा चौक, मग चर्चगेट, मग विधान भवन. मंत्रालयाला जायचं तर विधान भवन. पश्चिम रेल्वे पकडायची तर चर्चगेट. उलट दिशेला सिद्धिविनायक, दादर, बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) आणि विमानतळाची दोन्ही टर्मिनल. पूर्वी मेलमधून उतरून विमान पकडायचं तर टॅक्सीत दोन तास धरायचे, आता ट्रॅफिकची चिंता उरली नाही. किमान तिकीट १० रुपये, वेळ साधारण सकाळी सहा ते रात्री साडेदहा. लोकलचं तिकीट किंवा पास मेट्रोला चालत नाही.

बेस्टच्या बस समोर भाटिया बागेच्या बाजूला लागतात. १३८ बॅकबे आगाराकडे जाते, ११५ नरिमन पॉइंटच्या एनसीपीए नाट्यगृहाकडे. ११५ ला विजेवर चालणारी दुमजली एसी बसही आहे, सोबत मुलं असतील तर वरच्या मजल्यावर पुढची जागा धरा. चढताना वाहकाला उतरायचं ठिकाण सांगून ठेवा.

आणि चालायला येत असेल तर चाला. हुतात्मा चौक, हायकोर्ट पंधरा-वीस मिनिटांवर, क्रॉफर्ड मार्केट दहा मिनिटांवर.

भूक लागली असेल तर समोर कॅपिटॉल सिनेमाच्या इमारतीत 'आराम'चा वडापाव, भुयारी मार्गाच्या तोंडाशी 'कॅनन'ची पावभाजी, फोर्टच्या गल्लीत 'पंचम पुरीवाला'. मुलाखतीआधी मी भाच्याला पुरीभाजी खायला घालते. पोट भरतं आणि खिशाला जड जात नाही.

७. आता मान वर करा

काम झालं, परतीच्या गाडीला वेळ आहे, अशी अर्ध्या तासाची संधी मिळाली तर रस्त्यापलीकडे महापालिकेच्या बाजूला जाऊन उभे राहा. जवळून ही इमारत दिसत नाही, लांबूनच दिसते.

फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स हे तिचे वास्तुकार. १८७८ मध्ये काम सुरू झालं, पूर्ण व्हायला दहा वर्षं लागली, खर्च सुमारे १६ लाख रुपये. तुमच्या पाठीमागची महापालिकेची इमारतही त्यांचीच, १८९३ ची. मधल्या घुमटावर हात उंचावून उभी असलेली स्त्री म्हणजे प्रगतीची मूर्ती. बरेच लोक तिला राणी समजतात. राणीचा पुतळा घड्याळाखाली होता, तो स्वातंत्र्यानंतर काढला. फाटकाच्या दोन खांबांवर बघा, एकीकडे सिंह, दुसरीकडे वाघ. सिंह ब्रिटनचा, वाघ आपला. दोघे एकाच उंचीवर बसले आहेत.

भिंतीवरच्या गोल चौकटींत रेल्वे कंपनीच्या संचालकांचे चेहरे कोरलेले आहेत. त्यांत आपले जगन्नाथ शंकरशेट आहेत आणि जमशेटजी जीजीभाईही. मोर, पानं, फुलं, पाणी ओकणारी जनावरं हे कोरीव काम करायला शेजारच्याच जे. जे. कला शाळेची मुलं होती. एकदा पावसात मी समोर छत्री धरून उभी होते. कोपऱ्यातल्या एका जनावराच्या जबड्याखालून पाण्याची धार पडत होती आणि बाजूच्या दगडी पानांवर थेंब अडकले होते. ते पान क्षणभर खरंच ओलं हिरवं वाटलं. कोरणारा कुणी विशीतला विद्यार्थी असेल, त्याचं नाव कुठेच नाही.

२ जुलै २००४ रोजी युनेस्कोने हे स्थानक जागतिक वारसा यादीत घेतलं. आत मध्य रेल्वेचं मुख्यालय आहे, त्यामुळे मधला जिना आणि घुमट कधीही जाऊन बघता येत नाही. कामाच्या दिवशी दुपारी तिकीट काढून वारसा दालन आणि तो भाग दाखवतात. आधी चौकशी करून जा. घुमटाखालचा जिना पाहिलात तर खांबाचा आधार न घेता भिंतीतून बाहेर आलेल्या पायऱ्या बघायला विसरू नका.

८. परतीची वेळ

मेलसाठी किमान पाऊण तास आधी या. बोर्डावर फलाट क्रमांक लागला की डब्यांची जागा बघून घ्या. २४ डब्यांच्या गाडीत पुढचा डबा गाठायला बरीच पायपीट होते. डेक्कन क्वीन पकडायची असेल तर ती संध्याकाळी पाच-दहाला सुटते आणि उशीर करत नाही.

रविवारी बाहेरगावची माणसं फार अडकतात. रुळांच्या दुरुस्तीसाठी दिवसा चार-पाच तास मेगाब्लॉक असतो. मेनची फास्ट स्लोवरून वळवतात, हार्बर काही भागात बंदच असते. शनिवारच्या पेपरात किंवा रेल्वेच्या सूचनांत वेळा येतात. रविवारची गाडी असेल तर त्या बघितल्याशिवाय घर सोडू नका.

शेवटच्या लोकल रात्री साडेबाराच्या आसपास जातात, पहिल्या पहाटे चारच्या पुढे सुरू होतात. मधल्या वेळात पोहोचलात तर बाहेर रस्त्यावर थांबू नका. मेलच्या बाजूच्या प्रतीक्षालयात तिकीट हातात ठेवून बसा, बॅगेचा पट्टा पायात अडकवा, काही अडलं तर १३९ ला फोन करा. चारला तिकीटघर जागं होतं. चहावाला त्याच्याही आधी येतो.